काळा पडदा आणि तुझं फॉरमॅट

वेंगुर्ले
श्रावणी सोमवार

प्रिय वैशू,

जाडजूड पाकीट बघून घाबरू नकोस. इकडे सगळे ठीक आहेत. आईंचा गुडघा दर पावसाळ्यात दुखतो तेवढाच दुखतोय, माझी शुगर काठावर होती ती काठावरच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस. फोन करावा तर माजघरात बोललेलं पडवीपर्यंत ऐकू जातं, आणि पडवीत दुपारभर कोण बसलेलं असतं ते तुला माहीत आहे. म्हणून कागद.

नवीन लॅपटॉप घेतला हे तुला कळलंच असेल, पम्याच्या पोटात काही राहत नाही. घरी सांगितलंय की जीएसटीच्या कामाला जुना पुरत नाही. खोटं नाही ते. पण जीएसटीच्या रिटर्नला 6 जीबीचं ग्राफिक कार्ड आणि 144 हर्ट्झचा पडदा लागत नाही, हे या घरात कोणाला ठाऊक आहे? काजूवाल्यांकडची उधारी एकदाची वसूल झाली, ती घरखर्चात विरघळायच्या आत बाजूला काढली आणि घेऊन टाकला. वयाच्या 42व्या वर्षी गाड्या पळवायला लॅपटॉप. बोल आता काय बोलायचंय ते. कोणत्या कंपनीचा, कार्ड कोणाचं, ते मात्र विचारू नकोस. तू लगेच पक्ष घेतेस आणि मग आपलं मूळ बोलणं राहतं बाजूला.

पहिल्या रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बसले. मेन्यू झकास. शर्यत सुरू झाली आणि गाडी ढेंगा टाकत चालायला लागली. एवढ्या पैशांत हे? कोण किती राबतंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्सच्या टॅबवर गेले. तिथे दोन जीपीयू, म्हणजे ग्राफिकच्या दोन चिपा. जीपीयू 0 शंभर टक्के, घामाघूम. जीपीयू 1 शून्य टक्के, निवांत. म्हणजे सगळं काम प्रोसेसरमधलं ते चिमुकलं ग्राफिक करत होतं आणि जिच्यासाठी पैसे मोजले ती चिप स्वस्थ बसून होती. बॅटरी वाचावी म्हणून लॅपटॉपात दोन-दोन ग्राफिक ठेवायची पद्धत जुनीच आहे. एनव्हिडियाचं ऑप्टिमस 2010 सालचं. कुठल्या प्रोग्रामला कुठली चिप द्यायची हे सिस्टिम आपल्या अंदाजाने ठरवते, आणि अंदाज कधीकधी चुकतो. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स; तिथे गेमचं नाव शोधून ‘हाय परफॉर्मन्स’ केलं. गाडी सुसाट. मी खूश. मनात म्हटलं, वैशीने इथेच फॉरमॅट मारला असता, सगळं पुसून मोकळी.

पण खरी गंमत पुढेच. थोडा वेळ खेळले नाही तोच पडदा काळाकुट्ट. आवाज चालू, इंजिन घुमतंय, समोर मिट्ट काळोख. क्षणभराने डेस्कटॉप परत आला आणि गेम गायब. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने, वेळेचा काही नेम नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी करून बघत होते तर आई मागे येऊन उभ्या. ‘ह्या काळा कित्याक पडता गो?’ मी म्हटलं, जीएसटीची साइट आहे, तशीच असते. त्यांना पटलं.

कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. तिकडच्या मुलाने मॉडेल नंबरही विचारायच्या आधी काय सांगितलं असेल? ‘मॅडम, एकदा फॉरमॅट मारून बघा.’ तुझा मानलेला भाऊच असणार. तुझाही त्याच रात्री तोच निरोप. लॅबमधल्या त्या तीन नंबरच्या मशीनवर तू माझ्या प्रोजेक्टसकट फॉरमॅट मारला होतास आणि कामत सरांसमोर म्हणाली होतीस, ‘सर, मशीन तर वाचलं!’ ते मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. मशीनला काय झालं होतं ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही. माझं दुखणं तेच आहे गं. प्रोजेक्ट पुन्हा लिहिला. पण झालं काय होतं?

तेव्हा यावेळी हट्टाने ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची.

आधी इव्हेंट व्ह्यूअर, विंडोजची घडामोडींची नोंदवही. काळ्या पडद्याच्या वेळेला नेमकी नोंद, क्रमांक 4101, मजकूर असा की डिस्प्ले ड्रायव्हरने (विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषाच तो) उत्तर देणं थांबवलं आणि मग तो सावरला. कामत सर हजेरीला नाव घेऊन चष्म्यावरून बघायचे, ‘हजर’ आलं नाही की लगेच रेघ मारायचे, तसं विंडोज करतं. कार्डाला काम दिलं आणि 2 सेकंदांत उत्तर आलं नाही की ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करायचा. व्हिस्टापासून आहे ही सोय. (तुझ्या लग्नात आलेला तो व्हिस्टावाला लॅपटॉप! त्याचं झाकण उघडायलाच दोघी लागायचो.) ड्रायव्हर उभा राहतो, पण गेमच्या हातातून कार्ड सुटलेलं असतं, म्हणून गेम मरतो. पम्याने सल्ला दिला की रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, जाऊन ते दोनाचे दहा कर. म्हणजे काय, तर मी दोनाऐवजी दहा सेकंद गोठलेला पडदा बघायचा आणि मग गेम बंद पडायचा. त्याला म्हटलं, तू आपला बोटीचा धंदा बघ.

मग उष्णता. खाली हवा खेळावी म्हणून लॅपटॉपच्या मागच्या बाजूला पाटाचा तुकडा सारला, पारा दाखवणारा प्रोग्राम बाजूला उघडा ठेवला. पडदा काळा पडला तेव्हा कार्ड 78 अंशांवर होतं. गेमिंग लॅपटॉपाला 78 म्हणजे काहीच नाही. तेव्हा उष्णता नव्हे.

मग लाईट. पावसात इकडची लाईट कशी असते ते तुला काय सांगायचं. वारा सुटला की डोळा मिचकावते, आणि दर वेळी लॅपटॉप अडॅप्टरवरून बॅटरीवर, बॅटरीवरून अडॅप्टरवर उडी मारतो. बॅटरीवर गेला की कार्डाला वीज कमी मिळते आणि गेम लगेच लंगडतो. मला वाटलं, चोर सापडला. कालनिर्णयच्या पानामागे दोन रकाने पाडले. लाईट केव्हा मिचकावली, पडदा केव्हा काळा पडला. जुळेचना. एका रात्री तर मिट्ट पाऊस, लाईट पाच-सहा वेळा ये-जा करून गेली, गेम लंगडला पण मेला नाही. आणि स्वच्छ उघडीप असलेल्या संध्याकाळी, लाईट ठणठणीत असताना, धाडकन काळोख. मला खरं तर तीच संध्याकाळ आवडली. एक संशयित कमी झाला.

एव्हाना माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळत होता. कार्डच सदोष निघालं तर? बदलून द्यायची मुदत सरत आलेली. वर्षाची वॉरंटी आहे, पण त्यासाठी लॅपटॉप खोक्यात घालून बाहेरगावी पाठवायचा, तो परत कधी येईल ते त्यांनाच ठाऊक, आणि तोवर घरात प्रश्न, ‘जीएसटीचा मशीन खंय गेला?’ एका रात्री तर उठून मोबाइलच्या उजेडात त्या पावतीवरचं बारीक अक्षर वाचत बसले होते. हे जागून विचार करत होते आणि ज्याला सांगावं तो शेजारी घोरत होता. त्याला सांगितलं असतं तर म्हणाला असता, परत कर, दुसरा घे. चांगला माणूस आहे. पण असल्या माणसाला कसं सांगणार की मला दुसरा नकोय, याला काय झालंय ते हवंय? डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड 43, म्हणजे कार्डाने बिघाड कळवल्याची खूण, दिसता तर मी स्वतःच हात टेकले असते. तसं काही नव्हतं. तेवढ्यावर मी मुदत जाऊ दिली.

आणि मग सापडलं. ड्रायव्हरच्या टॅबवर त्याची तारीख असते बघ, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स, प्रॉपर्टीज. रात्री मी चिप बनवणाऱ्यांच्या साइटवरून अगदी ताजा ड्रायव्हर घातला होता, तारीख बघून झोपले होते. सकाळी तिथे कित्येक महिन्यांपूर्वीची तारीख. मी काही केलेलं नाही! रात्री अपडेट आपोआप आलं आणि त्याने लॅपटॉपसाठी ठरलेला जुना ड्रायव्हर माझ्या नव्यावर चढवला. मग मी पुन्हा नवा, त्याने पुन्हा जुना. आत दोघांच्या फायलींची खिचडी. हे बघून मी एवढ्याने हसले की आईंनी पडवीतून विचारलं, रिफंड इलो काय?

मग साग्रसंगीत पूजा मांडली. डीडीयू नावाचा प्रोग्राम आहे, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर. ड्रायव्हरचं नामोनिशाण पुसतो. तो आणि लागणारे ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवले. नंतर वायफाय बंद, नाहीतर अपडेट मधल्या मध्ये पुन्हा आपला ड्रायव्हर घुसवणार. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, सेफ मोड, म्हणजे मोजक्याच गोष्टींवर चालणारं विंडोज. इथे एक मेख आहे, तुला म्हणून सांगते. नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा आधीच कुलूपबंद असते, आणि सेफ मोडला जाताना तो त्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, 48 आकडी किल्ली मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळते, पण ती बघायला दुसरं मशीन हवं. मी आधीच कालनिर्णयवर उतरवून ठेवली होती, नागपंचमीच्या रकान्यापासून पार नारळी पौर्णिमेपर्यंत. आईंनी बोट ठेवून विचारलं, ‘ह्यो खयचो नंबर गो?’ म्हटलं, मोबाइलचा रिचार्ज. ‘इतको लांब?’ ‘वर्षभराचा आहे.’

किल्ली मागितलीच त्याने. आकडा आकडा टिपत भरली.

जुनं सगळं साफ केलं. आधी प्रोसेसरमधल्या ग्राफिकचा ड्रायव्हर, रीस्टार्ट, मग कार्डाचा, पुन्हा रीस्टार्ट, मग कुठे वायफाय. आणि अपडेटला काही आठवडे विश्रांती, ती सोय सेटिंग्जमध्ये असते. यातही गंमत बघ. अगदी ताजा ड्रायव्हर स्वच्छ जागेवर घातला तरी पडदा एकदा काळा पडलाच. मग पुन्हा सगळं पुसलं आणि लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर घालून कंपनीच्या पानावरचा जुनाच ड्रायव्हर घेतला, तोच, जो रात्री चोरपावलांनी येत होता. एकटा असताना तो अगदी गुणी निघाला. पहिल्यांदा गेम उघडल्यावर दमच खाऊन बसला, कारण ड्रायव्हर बदलला की शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, पुन्हा बनवावे लागतात. तेव्हा कंटाळून बंद करायचं नाही, होऊ द्यायचं. मी गेममधली चाचणी फेरी लावून दिली आणि स्वयंपाकघरात नारळीभाताचे नारळ खवायला बसले. एक नारळ खवला की हात पुसून डोकावून यायचं. गाडी धावतेय. दुसरा नारळ. धावतेय. आई म्हणाल्या, सारखी काय उठतेस? सगळे नारळ संपले, गूळ विरघळला, भात वाफेला लागला, आणि गाडी धावतच होती.

तेव्हापासून पडदा काळा पडलेला नाही. छाती ठोकून सांगत नाही, भरपावसात कोण सांगेल? पण काय झालं होतं ते मला माहीत आहे, आणि फॉरमॅट मारलेला नाही. हे तुला लिहून कळवणं भाग होतं. कामत सर भेटले होते बाजारात, त्यांनाही सांगावंसं वाटलं, पण त्यांना ऐकूच येत नाही आता नीट. ‘तुझी ती मैत्रीण कशी आहे, मशीन वाचवणारी?’ असं विचारलं मात्र.

बढतीचं अभिनंदन. रुहीला दहावीचं टेन्शन देऊ नकोस, ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे. घराचा ताबा मिळाला का? चतुर्थीला येणार म्हणालीस, पण रिझर्व्हेशन आता 120 नाही, 60 दिवस आधी उघडतं हे तुला बजावलं होतं, आणि तू नेमकी तेव्हा झोपलीस. वेटिंग सुटलं नाही तर रात्रीच्या बसने ये, पण ये. कुडाळला उतर, सावंतवाडीला नको, पम्या कुडाळला गाडी घेऊन येईल.

तुझा गेमही अडखळतो म्हणत होतीस. बहुतेक तुझ्या मशीनमध्ये रॅमची 8 जीबीची एकच पट्टी आहे, आणि त्यातलीच मेमरी तुझं ग्राफिक खातंय. दुसरी पट्टी टाकलीस तर फरक पडेल, पण आधी बघू. आणि कधी पडदा गोठलाच तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाब. बीप होऊन ड्रायव्हर नव्याने उठतो, मशीन बंद करावं लागत नाही. शनिवारी रात्री ऑनलाइन यायच्या आधी एक कर. स्टार्टमध्ये डीएक्सडायग (dxdiag) टाइप कर, मशीनची सगळी माहिती येते, खाली ‘सेव्ह ऑल इन्फर्मेशन’चं बटण आहे, ती फाइल मला मेल कर. फोटो काढून पाठवू नकोस, मागच्या फोटोत तुझी ट्यूबलाईटच जास्त दिसत होती.

तुझी,
नीलू