जुन्या बॅटऱ्या द्या, टेस्टर द्या, नाहीतर रविवारचे दोन तास तरी द्या

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात एकांनी अगदी मनापासून मदत म्हणून आमच्याकडे पत्र्याचा डबा आणून दिला. आत लॅपटॉपमधून सोडवलेले पंचवीसेक सुटे सेल आणि त्यांच्यासोबत स्क्रू, दोन चाव्या, तारेचा एक तुकडा, सगळं एकत्र. डबा उचलला तर खालून गरम लागला. बाहेर मोकळ्यावर नेऊन चिमट्याने एकेक सेल वेगळा केला तोपर्यंत कोणी नीट श्वास घेतला नसेल. दिला त्यांची चूक नाही, बॅटरी कशी द्यायची हे आम्हीच कुठे नीट लिहिलं नव्हतं, म्हणून हा लांबलचक मेसेज.

आम्ही काय करतो ते नवीन लोकांसाठी थोडक्यात. संपलेल्या म्हणून टाकलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्या गोळा करतो, तपासतो, चांगल्या निघालेल्या सेलचे दिवे आणि छोटे पॅक बनवतो आणि उरलेलं अधिकृत रिसायकलरकडे पाठवतो. पगारी कोणी नाही.

आता "बॅटरी गेली" म्हणजे नक्की काय गेलं ते बघा. लॅपटॉपच्या साध्या सहा सेलच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा दोन-दोन सेलच्या तीन जोड्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्यातली एक जोडी जरी खचली तरी बीएमएस, म्हणजे आतलं राखणदार सर्किट, अख्खा पॅक बंद करतं. मालक म्हणतो बॅटरी मेली, आम्ही उघडतो तर चार सेल ठणठणीत, हे इतक्यांदा झालंय की आता नवल वाटत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांचंही तसंच, क्षमता 70-80 टक्क्यांवर आली की गाडीला पॅक पुरत नाही, पण एका जागी बसून दिवा लावायला किंवा सोलरची वीज साठवायला तो अजून कितीतरी वर्षं चालू शकतो. या बॅटरीच्या कामासाठी 2019 साली ज्या तिघांना नोबेल मिळालं त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते, तेव्हा वय झालं म्हणून मोडीत काढायची घाई आम्ही तरी करत नाही :)

पण घाई करत नाही म्हणजे वेळ जातो, आणि आमची खरी अडचण तीच आहे. सेल आला की आधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघतो. दोन व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर तो बाजूला, कितीही नवा दिसू दे, कारण इतका खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि परत चार्ज करताना ते नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. जे वाचतात ते 4.2 व्होल्टपर्यंत चार्ज करायचे, मग हळूहळू उतरवून किती एमएएच (मिलिअँप-तास, म्हणजे सेलची क्षमता) निघतात ते मोजायचे. 2600 एमएएचचा सेल 500 मिलिअँपने उतरवायचा तर पाच तास नुसते त्यातच जातात, वर आधीचं चार्जिंग आणि नंतरचं चार्जिंग, म्हणजे एका सेलला एक दिवस धरून चाला. शिवाय मग दोन-तीन आठवडे नुसतं ठेवून द्यायचं आणि परत व्होल्टेज बघायचं. जो आपोआप उतरला किंवा चार्ज होताना तापला तो बाद. लेबलवरच्या आकड्याच्या 80 टक्के देणारा पॅकला, त्याखालचा 60 पर्यंतचा दिव्याला, बाकी रिसायकलिंगला, असा आमचा साधा हिशोब आहे. आमच्याकडे चार खाचांचा एकच टेस्टर आहे. दिवसाला चार सेल! आणि कपाटात वाट बघणारे शेकड्यांनी.

म्हणून पहिली मागणी टेस्टरची. जुना चालेल, डिस्प्ले थोडा गंडलेला असला तरी चालेल, फक्त क्षमता मोजणारा पाहिजे, नुसता चार्जर नको. त्यानंतर झाकणाचे लोखंडी ड्रम आणि कोरडी वाळू (ओली नको, कृपया), सेफ्टी चष्मे, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी), निकेलच्या पट्ट्या, धुराचा अलार्म. स्पॉट वेल्डर (सेलला निकेलची पट्टी क्षणात जोडणारं यंत्र) कोणाकडे पडून असेल तर फारच छान. सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवणारे उत्साही भरपूर भेटतात, त्यांनी प्रेमाने लांब राहावं, ती उष्णता सेलच्या आत जाते. पैसे देणाऱ्यांनाही नाही म्हणत नाही, पावती मिळेल, खर्चाची वही कधीही येऊन बघा. पण वस्तू दिलीत तर आमची खरेदीची धावपळ वाचते.

आणि माणसं पाहिजेत. इलेक्ट्रॉनिक्स यायलाच हवं असं नाही. प्रत्येक सेलला नंबर टाकून रजिस्टर भरायचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे, अक्षर बरं असलं तरी पुरे. रविवारचे दोन तास.

आता बॅटऱ्या कशा द्यायच्या ते. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि एकेक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घाला, एवढं केलंत तरी निम्मी काळजी मिटली. लेबल सोलू नका, त्यावरून आतली केमिस्ट्री कळते. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल 3.65 व्होल्टला फुल होतो, त्याला चुकून 4.2 वाल्या चार्जरला लावला तर वाट लागते. पॅक स्वतः उघडू नका, व्हिडिओ बघून तर अजिबात नाही. मिठाच्या पाण्यात बुडवून "डिस्चार्ज" करून आणू नका, टोकं गंजतात, चार्ज आतच राहतो आणि पाणी खराब होतं ते वेगळंच. स्कूटरचा पॅक असेल तर आधी विचारा, आणि इलेक्ट्रिक कारचा पॅक आमच्या आवाक्यातला नाही, तिथे 400 व्होल्टच्या आसपास खेळ असतो. डिस्पोजेबल व्हेप (ई-सिगारेट) मात्र जरूर द्या, एकदा वापरून टाकायच्या त्या वस्तूत बऱ्याचदा चक्क रिचार्ज होणारा सेल असतो, कोणाच्या डोक्यातून निघालं असेल देव जाणे. बटण सेल बहुतेक वेळा लिथियम-आयन नसतात, पण टेप लावून दिलेत तर त्यांनाही योग्य जागी पोचवू, तोवर लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

काही जण विचारतात, एवढं कशाला, कचऱ्यात टाकली तर काय बिघडतं? कचऱ्याच्या गाडीत माल दाबला जातो, सेल चेपला की आतला पडदा फाटतो, दोन टोकं भिडतात आणि पेटतो. आजूबाजूला कागद आणि प्लास्टिक असतंच. वर त्यातलं कोबाल्ट, निकेल, तांबं कायमचं गेलं. रिसायकलरकडे गेला तर सेल दळून काळी पावडर करतात, तिला ब्लॅक मास म्हणतात, आणि आम्लात विरघळवून त्यातून एकेक धातू वेगळा काढतात. भट्टीत वितळवायची पद्धतही आहे, पण तिच्यात लिथियम धातूच्या मळीत (स्लॅगमध्ये) जातं. लिथियम परत मिळवणं जड जातं हे युरोपच्या नियमातही दिसतं, कोबाल्ट-निकेलसाठी 2027 अखेरपर्यंत 90 टक्क्यांचं लक्ष्य आणि लिथियमसाठी फक्त 50, मग 2031 अखेरपर्यंत 80. एलएफपीमध्ये तर कोबाल्ट-निकेल नसतंच, त्यामुळे रिसायकलरला त्यात फार रस नसतो, म्हणून तसले सेल आम्ही शेवटच्या दमापर्यंत वापरायचा प्रयत्न करतो.

शेवटचं, आणि हे नीट वाचा. बॅटरी फुगलेली असेल, गोडसर सॉल्व्हेंटसारखा वास येत असेल किंवा हाताला गरम लागत असेल तर ती आणूच नका. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, खिशात किंवा गाडीच्या डिकीत तर नकोच. सहज हलवता येत असेल तर उघड्यावर, फरशीवर, पेटण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि मेसेज करा, आमच्यातला कोणीतरी वाळूचा डबा घेऊन येईल. धूर निघायला लागला तर आमची वाट बघू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि फायर ब्रिगेडला फोन लावा.