ती. बाबा आणि आई, यंदा मी येत नाही

गॅबरोन (बोट्सवाना), 11 डिसेंबर 2021

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
चिमीचा शि. सा. नमस्कार.

फोनवर मला हे धड सांगता येत नाही. आई लगेच "बरं, असू दे" म्हणून फोन बाबांकडे देते आणि बाबा पावसापाण्याचं विचारत बसतात. म्हणून लिहितेय. दादाला बजावलंय की मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, स्वतः वाचून दाखवू नकोस. तो मधलं गाळतो.

तर आधी तेच सांगून टाकते. 22 तारखेचं तिकीट मी रद्द केलंय. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी तिथे नसेन.

समोरच्या काकूंना "विमानंच बंद आहेत हो" असं सांगितलंत तरी माझी हरकत नाही, पण तुम्हाला खरं ते सांगते. सगळी विमानं बंद नाहीत. कोरोनामुळे थांबलेली नेहमीची विमानं 15 डिसेंबरपासून सुरू व्हायची होती, ती परवाच 31 जानेवारीपर्यंत पुढे ढकलली. पण दोन देशांच्या आपापसातल्या करारावर उडणारी चालू आहेत, आणि अदिस अबाबावरून येणारं माझं तिकीट त्यातलंच होतं. म्हणजे हट्टानं यायचंच म्हटलं असतं तर आले असते. मग काय झालं असतं ते ऐका. मुंबईला उतरल्यावर टेस्ट. तिथून घरी नाही, सात दिवस सरकारनं ठरवून दिलेल्या जागी, आपल्या खर्चानं, आणि त्यातही सातव्या दिवशी पुन्हा टेस्ट. दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि बोट्सवाना, या तीन देशांतून येणाऱ्यांना महाराष्ट्रात सध्या हा नियम आहे. पैशांचा प्रश्न नाही. बाबा, एफडीचा विषय कृपा करून काढू नका. पण रजा मोजकी, त्यातला आठवडा मुंबईतल्या हॉटेलच्या खोलीत, आणि एखादी टेस्ट वाकडी आली तर कार्यक्रमही गेला.

समजा, सगळ्या टेस्ट चांगल्या आल्या. मग मी दोन तारखेला तुम्हा दोघांच्या शेजारी पाटावर बसणार, तुमच्या पाया पडणार, ऐंशी दिव्यांनी ओवाळणार. आणि पूर्ण वेळ डोक्यात एकच, की माझ्या घशात काही खवखवतंय का? बाबांची बायपास, आईचा दमा. मला तसं बसता येणार नाही. तुम्ही म्हणाल, इतका विचार करायचा तर माणसानं घराबाहेर पडायलाच नको. पण घराबाहेर पडणं वेगळं आणि सात हजार किलोमीटर ओलांडून थेट तुमच्या ताटाशी येणं वेगळं.

शिवाय परतीचं. सोनूची शाळा जानेवारीत सुरू होते, हे आणि तो इथेच राहणार होते. मधेच कुणी दार लावलं तर मी तिकडे आणि ही दोघं इकडे. मार्च 2020मध्ये इथल्या सीमा बंद झाल्या तेव्हा आम्ही तिघं एका घरात होतो म्हणून निभावलं. काकांच्या वेळचं मी आता काढत नाही. तुम्हीही काढू नका. पण तिकीट रद्द करताना ते माझ्या मनात होतं, एवढंच.

आता डोंबिवलीचं. केपटाउनहून आलेल्या त्या माणसाला नवा कोरोना झाल्याची बातमी लागल्यापासून आईला भाजीवाल्यापासून सगळे विचारतायत म्हणे, "तुमची मुलगीपण आफ्रिकेतच ना?" आफ्रिका हे काय गाव आहे? बाबा, तुम्ही तीस वर्षं भूगोल शिकवलात, तुम्हीच सांगा त्यांना. केपटाउन इथून रस्त्यानं जवळजवळ तितकंच लांब आहे, जितकी डोंबिवलीहून दिल्ली. दिल्लीत कुणी शिंकलं तर फडके रोडवर कुणी आईकडे बघतं का? आणि त्या बिचाऱ्यालाही नावं ठेवू नका. तो आजारी पडला, त्यानं काही गुन्हा केला नाही.

टीव्हीवर कोरोनाचा हा नवा प्रकार "बोट्सवानाचा" म्हणून दाखवतात, त्याचा मला मनापासून राग येतो. झालं ते असं. 7 नोव्हेंबरला चार परदेशी राजनैतिक अधिकारी इथे आले. 11 तारखेला त्यांची टेस्ट झाली. इथल्या प्रयोगशाळेत डॉ. सिखुलीले मोयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नमुने तपासले, तर विषाणूत कधी न पाहिलेले इतके बदल. त्यांनी ते लपवून ठेवलं नाही, जगासमोर मांडलं. 26 तारखेला त्याला ओमिक्रॉन नाव मिळालं आणि त्याच दिवशी इंग्लंडनं आम्हाला प्रवासबंदीच्या लाल यादीत टाकलं. ज्यानं आग बघून घंटा वाजवली त्याचंच घर वाळीत टाकायचं, अशातली गत. ही प्रयोगशाळा इतकी तयारीची आहे ती एचआयव्हीमुळे. या देशानं त्या आजारात एक अख्खी पिढी जाताना पाहिली, आणि 2002पासून सरकारनं औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. साथीला कसं तोंड द्यायचं ते इथल्या साध्या नर्सलाही माहीत असतं. तेव्हा "कुठे जाऊन पडलीय पोर" असं आईनं रात्री जागून म्हणायचं कारण नाही. मी बऱ्या ठिकाणी पडलेय.

आणि खरंच बरं चाललंय. दुकानांतून सगळं मिळतं. दाराशी कपाळाला ते ताप मोजायचं पिस्तूल लावतात, हातावर सॅनिटायझर ओततात, आधी वहीत नाव आणि फोन नंबर लिहावा लागायचा, आता मोबाइलवर ते चौकोनी चित्र टिपायचं. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पहिला लॉकडाउन होता तेव्हा किराणा आणायलाही परवाना लागायचा. पुढे देशाचे विभाग पाडले, एका विभागातून दुसऱ्यात जायला पुन्हा परवाना. आणीबाणी तर दीड वर्ष चालली, आत्ता सप्टेंबरअखेर उठली. मधे मधे दारूविक्री बंद, रात्रीची संचारबंदी. दारूबंदीचं आपल्या घरात कुणाला सुतक नाही, पण शेजारचे गृहस्थ फार उदास असायचे.

कामाला येणाऱ्या मावशी पहिल्या लॉकडाउनमध्ये त्यांच्या गावी, मोलेपोलोलेला अडकल्या होत्या. आम्ही पगार चालू ठेवला, आईनं फोनवर तीनदा विचारलं होतं म्हणून पुन्हा लिहिते. त्या परत आल्या त्या माठासारखी वाळवलेली पालेभाजी घेऊन. इथे तिला मोरोखो म्हणतात. मी लसणीची फोडणी दिली, त्यांनी चाखली आणि भिडेखातर छान म्हणाल्या. गेल्या जुलैत त्यांच्या भावाचं झालं. इथे अंत्यविधी शनिवारी भल्या पहाटे होतात, आदली रात्र सगळं गाव जागतं, मोठ्या हंड्यांत बीफ शिजतं. त्या वेळी माणसं मोजून, वेळ मोजून. मावशी म्हणाल्या, आम्ही त्याला नीट पोचवलंच नाही. काय बोलणार मी. त्या आठवड्यात मी त्यांना कामाला येऊ नका म्हटलं, तरी आल्या, म्हणे घरात बसवत नाही.

खाण्याची काळजी तर अजिबात नको. ज्वारीचं पीठ इथल्या कुठल्याही दुकानात मिळतं, ते लोक त्याची आंबवून पेज करतात. दळण जाडं असतं, मी चाळून घेते, उकड काढते, भाकरी बऱ्यापैकी वळते. कडेला चिरते, पण आई, तुझीसुद्धा चिरायचीच की सुरुवातीला, आजी सांगायची! बाबा म्हणतील, ज्वारी मूळची आफ्रिकेतलीच. हो, आठवतंय. तूरडाळ, पोहे, गूळ सगळं मिळतं. मेतकूट तेवढं संपलंय, पण ते कुणाबरोबर पाठवायची घाई नको. जुलैत आम्हा तिघांना कोरोना झाला होता तेव्हा मऊ भात आणि तेच मेतकूट, दुसरं काही घशाखाली उतरत नव्हतं. ताप उतरल्यावर तुम्हाला कळवलं म्हणून आई अजून घुश्शात आहे, मला माहीत आहे. पण तू तिथे बसून काय केलं असतंस, सांग. पाण्यात ठेवले असतेस देव.

लस दोन्ही झाली. आणि ती कुठली म्हणाल तर आपली पुण्याचीच. मार्चमध्ये भारतानं कोविशिल्ड पाठवली, त्यातूनच इथली मोहीम सुरू झाली. आधी पंचावन्नच्या पुढचे, मग आमच्यासारखे. नर्सनं कुपी दाखवली तेव्हा मी तिला म्हटलं, हे गाव माझ्या माहेरापासून तीन तासांवर आहे. तिला काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं.

बाबा, एक गोष्ट खास तुमच्यासाठी ठेवली होती, भेटल्यावर सांगणार होते. ऑक्टोबरात आम्ही गाडीनं कसानेला गेलो, चोबे नदीवर. परदेशी पर्यटक नाहीत म्हणून लॉजवाल्यांनी इथल्या रहिवाशांना दर उतरवलेत, नाही तर आपल्याला परवडायचं नाही. नऊशेच्या वर किलोमीटर. वाटेत दिबेतेला गुरांच्या रोगासाठीचा जुना नाका आहे, लाळ्या-खुरकुताचा. तिथे सगळ्यांना गाडीतून उतरून औषधात भिजवलेल्या पोत्यावर पाय पुसायचे, चाकंही औषधाच्या पाण्यातून न्यायची. गेल्या वर्षी त्याच नाक्यावर माणसांचे परवाने तपासायचे. आणि तिथून थोडं पुढे रस्त्याच्या कडेला मकरवृत्ताची पाटी! मी यांना गाडी थांबवायला लावली. सोनूला विचारलं, अंश किती? तो म्हणाला, तेवीस. मी म्हटलं, साडेतेवीस, आबांनी ऐकलं तर पट्टी मारतील. मग मलाच रडू आलं, यांना वाटलं ऊन लागलं. तुम्ही नकाशे भरून घ्यायचात ना रविवारी, मी कलहारी नेहमी एवढं मोठं काढायची की नामिबियाला जागाच उरायची नाही. बाबा, ते मोठंच आहे. मी बरोबर काढायचे.

नाताळात इथे शहर ओस पडतं. गणपतीत मुंबईतले कोकणवाले जातात तसे सगळे आपापल्या गावी, शेतावर, गुरांच्या वाडीवर जातात. आम्ही घरीच असू. पाऊस चांगला झालाय, दुपारी रणरण आणि संध्याकाळी गडगडाट. अंगणात तुतीचं झाड आहे, पपया धरल्यात. दवाखाना गाडीनं दहा मिनिटांवर, विमा कंपनीचा आहे. कशाची म्हणून कमी नाही.

आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं, कुरकुर नको.

कार्यक्रम पुढे ढकलायचा नाही. "चिमी आली की करू" हे वाक्य मला ऐकायचं नाही, बाबा. हॉल रद्द करायचा, दादाला सांगून झालंय. घरात, खिडक्या उघड्या ठेवून, घरचे आणि गुरुजी. गुरुजींनाही मास्क, मंत्र म्हणताना अडचण होते म्हणाले तर गच्चीत बसवा. बाकीच्यांना लाडूंचे डबे पोचवा, पंगत नको. मी व्हिडिओवर असेन. इथे तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असतील, पण मी नऊवारी नेसून बसणार आहे, आई, तू दिलेलीच, हिरवी.

आई, इन्हेलर उशाशी हवा, देवघरात नको. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत करायचं म्हणजे करायचं, "चिमी असती तर" म्हणून लांबवायचं नाही. वहिनी रजा घेतेय, तिला मी विचारलंय आणि ती आनंदानं हो म्हणालीय, उगाच संकोच करू नकोस. बाबा, हयातीच्या दाखल्यासाठी तुम्ही बँकेच्या रांगेत तासभर उभे होतात हे मला कळलंय. पुढच्या वेळी पोस्टमन घरी येऊन बोटाचा ठसा घेतो, दादा व्यवस्था करेल. सकाळी फिरायला जाताना मास्क नाकावर, हनुवटीवर नाही. कट्ट्यावरच्या मंडळींशी वाद घालायचा असेल तर लांबून घाला, तुमचा आवाज पोचतो.

नियम सैल झाले की पहिल्या विमानानं येते, आणि या वेळी सोनूलाही घेऊन. त्याला लोकलमध्ये दारात उभं राहायचंय. बाबा, त्याला नको म्हणायचं काम तुमचं.

तुमची,
चिमी

ता. क. ऑक्सिमीटरचे सेल संपलेत हे दादाच्या फोटोत दिसतंय. पडदा कोरा आहे आणि आई म्हणतेय "98 आलं". नवे सेल टाका आणि मग मला आकडे सांगा.