प्रगतिपुस्तकातले शेरे

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या पाळीच्या तक्रारीबद्दल (पीसीओडी) आणि लक्ष न टिकण्याबद्दल (एडीएचडी) तू विचारलंस, "आई, हे तुझ्याकडून आलंय का गं?" मी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. ते दोन रात्री मला टोचत राहिलं. बोलायला गेले की गळा दाटतो, म्हणून लिहिते आहे.

आधी प्रगतिपुस्तकांचं सांगते. मानसोपचाराच्या मॅडमनी तुझं शाळेतलं काही जपून ठेवलंय का असं विचारलं होतं ना? एडीएचडीचं निदान करताना त्याची लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसत होती का, हे बघावं लागतं. म्हणून मी माळ्यावरची पेटी उतरवली. तिसरी : 'हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते.' पाचवी : 'वह्या अपूर्ण. खिडकीबाहेर पाहत बसते.' सहावी : 'मनात आणले तर पहिली येईल.' प्रत्येक शेऱ्याखाली 'पालकांची सही' आणि तिथे माझी सही. तू बाकावरून उड्या मारत नव्हतीस, कुणाला चिमटे काढत नव्हतीस, म्हणून कुणाला शंका आली नाही. मुलींचं असंच होतं. गडबड सगळी डोक्याच्या आत चाललेली असते आणि बाहेरून मुलगी शांत दिसते. मी तुला वेंधळी म्हटलं, आळशी म्हटलं. चौथी कंपासपेटी हरवलीस तेव्हा आठवडाभर तुझ्याशी धड बोलले नाही. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस. मला माफ कर, बाळा.

आता तुझा प्रश्न. माझी पाळी कधीच वेळेवर नव्हती. माझी आई कालनिर्णयवर दुधाचा हिशेब मांडायची, त्याच पानाच्या कोपऱ्यात मी बारीक फुली करायचे. कधी कधी दोन-दोन पानं फुलीशिवाय उलटायची. हनुवटीवर केस, मानेवर काळी रेघ. डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की होईल सगळं नीट. लग्नानंतर तू यायला पाच वर्षं लागली, तेव्हा कुठे पीसीओडी, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार, हा शब्द पहिल्यांदा माझ्या कानावर पडला. तुला सतराव्या वर्षी तेच निघालं, त्याचं मला नवल वाटलं नाही. एडीएचडीचं मात्र वाटलं.

मग वाचायला बसले. स्वीडनमध्ये सगळ्या देशाच्या आजारांची नोंद असते. त्या नोंदींवरून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला : आईला पीसीओएस (पीसीओडीलाच असंही म्हणतात) असेल तर मुलाला एडीएचडी असण्याची शक्यता साधारण १.४ पट. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मग तुझ्या बाबांनी कागद-पेन घेतलं. एरवी शंभर मुलांत पाचांना असेल, तर अशा आयांच्या शंभर मुलांत सात. म्हणजे त्र्याण्णवांना नाहीच. हा हिशेब मला खूप धीर देऊन गेला, म्हणून तुलाही सांगते. ज्यांना स्वतःला पीसीओएस आहे अशा बायकांमध्येही एडीएचडी इतरांपेक्षा जास्त दिसतो. गर्भात पुरुषी हार्मोन जास्त मिळतात म्हणून, की दोन्हींची मुळं एकाच आनुवंशिकतेत आहेत म्हणून, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. तेव्हा उत्तर असं : हो, काही अंशी माझ्याकडून आलं असेल. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही, तूही डॉक्टरांपासून लपवू नकोस.

कारण मला खरी काळजी वेगळीच आहे. तुझे दोन डॉक्टर आहेत आणि एकाला दुसऱ्याचं काही माहीत नाही. गायनॅक सांगतात : एकवीस दिवस गोळी, सात दिवस बंद, जेवण वेळेवर, रोज चालणं, तारखा लिहून ठेव. यातली एकेक गोष्ट आठवणीची, आखणीची, सातत्याची. तुला नेमकं तेच जड जातं! गोळ्यांचं पाकीट अर्धं राहिलं की आम्ही सगळ्यांनी तुला निष्काळजी ठरवलं. एडीएचडीचं त्यांना कळलं असतं, तर त्यांनी कदाचित वेगळ्या रीतीने सांगितलं असतं.

दुसरं, पाळीच्या आधीच्या दिवसांत इस्ट्रोजेन उतरतं, आणि त्याचा मेंदूतल्या डोपामाइनशी, म्हणजे लक्ष टिकवायला मदत करणाऱ्या रसायनाशी, संबंध आहे. बऱ्याच जणींना त्या आठवड्यात काहीच सुचत नाही, औषधही कमी पडल्यासारखं वाटतं. जिची पाळी महिन्याच्या महिन्याला येते तिला निदान हे ओळखता येतं. तुझी कधी पन्नास दिवसांनी, कधी सत्तर. म्हणून वाईट दिवस तुला अचानक कोसळल्यासारखे वाटतात आणि तू स्वतःलाच बोल लावत बसतेस. मोबाइलवर रोज एकच खूण कर, दिवस बरा की वाईट. पाळीची तारीख त्यातच टाक. एक दिवस राहिला तर राहू दे. आणि तीन महिने पाळी आली नाही तर गप्प बसू नकोस, दाखवून ये. गर्भाशयाचं अस्तर तसंच साठत राहणं बरं नाही.

एडीएचडीच्या नव्या गोळीचंही मानसोपचाराच्या मॅडमना सांग. त्या गोळीतल्या मिथाइलफेनिडेटने दिवसा भूक मरते. तू मेसचं दुपारचं ताट तसंच परत करतेस आणि रात्री अकराला मिळेल ते खातेस, हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. तिच्यावर रागावू नकोस. पीसीओडीमुळे तुझं इन्सुलिनचं गणित आधीच नाजूक आहे. मॅडमची हरकत नसेल तर गोळीच्या आधी पोटभर नाश्ता कर. पोहे, अंडी, थालीपीठ, काहीही. रक्तदाबही मोजून घेत जा, या गोळीने तो वाढू शकतो. पाकीट ब्रशच्या मगातच ठेव, म्हणजे डोळ्यांसमोर राहील.

शनिवारी येताना दोन्ही फायली आण. सोनोग्राफीचे कागद सापडले नाहीत तरी चालेल, त्यासाठी खोली उपसत बसू नकोस. माझी जुनी फाइल मी काढून ठेवली आहे, प्रगतिपुस्तकंही. सोमवारी गायनॅककडे मी तुझ्याबरोबर येते. बोलायचं तूच, मी बाजूला बसेन.

तुझी,
आई