गाडी २०१९ च्या ऑगस्टात कुठे होती?

लीड्स, इंग्लंड,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. छोट्या,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला निघालेल्या जुन्या स्विफ्टचे पाठवलेले अकराच्या अकरा फोटो बघितले. गाडी धुऊन, चाकांना काळं पॉलिश मारून, हार तेवढा घालायचा बाकी ठेवलाय. फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणतोस आणि शेवटी मनातलंच करतोस, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी बसून लिहितेय. प्रिंट काढ आणि बाबांनाही वाचायला दे. टोकन अजून दिलं नसशील असं धरून चालते.

मला इथे गाडी घ्यावी लागली ती हौसेनं नव्हे. सकाळची ड्यूटी सातला सुरू होते आणि रविवारी पहिली बस साडेसातला! दीड वर्ष थंडीत चालत काढलं. आपलं लायसन्स इथे बारा महिनेच चालतं, नंतर नव्यानं परीक्षा. लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले. रस्त्यावरच्या परीक्षेत मात्र गोल चौकानं एकदा घरी पाठवलं, हे बाबांना सांगू नकोस. (म्हणजे आता कळेलच.)

इथे एक गोष्ट फार चांगली आहे. गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते, तिला एमओटी म्हणतात. जास्तीत जास्त ५४.८५ पौंड फी. त्या तपासणीत काय निघालं, कशात नापास झाली, तेव्हा मीटरवर किती मैल होते, हे सगळं सरकारी साइटवर नुसता गाडीचा नंबर टाकला की कुणालाही फुकट दिसतं. २००५ पासूनचं. पेशंटची फाइल म्हण ना.

पहिली गाडी बघितली तिच्या जाहिरातीत ५८ हजार मैल लिहिले होते. बसस्टॉपवर उभी राहून नंबर टाकला, तर दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत ७१ हजार! विचारल्यावर विकणारा म्हणाला, मीटर बदललाय. मी बसमध्ये चढलेच नाही, परत घरी आले.

दुसऱ्या वेळी आमच्या वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरचे मिस्टर बरोबर आले. ते गावी गॅरेजमध्ये काम करायचे. कागद स्वच्छ होते. आम्ही दहाला येतो म्हणून कळवलं होतं. पोचल्यावर यांनी गाडीच्या मालकाशी हात मिळवायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. मालक म्हणाला, आत्ताच दुकानात जाऊन आलो. ‘मग तासाभरानं येतो,’ म्हणून हे मला घेऊन समोर चहाला गेले. थंड झाल्यावर इंजिन सुरू केलं तर आधी खडखड आणि मागून निळसर धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिन गुण दाखवतं, थंड इंजिन अवगुण. म्हणून तूही त्या माणसाला ‘अकराला येतो’ असं सांग आणि सकाळी सातलाच जाऊन उभा राहा. तो चिडला तर चिडू दे.

तिसरी गाडी ऑटली नावाच्या गावात मिळाली. लीड्सपासून जवळच. ‘१३’ नंबरची टोयोटा यारिस. इथे नंबर प्लेटवरच्या आकड्यांवरून गाडीचं वय कळतं, १३ म्हणजे २०१३ च्या मार्च ते ऑगस्टमधली. मालक म्हातारे गृहस्थ, डोळ्यांमुळे गाडी सोडलेली. त्यांनी एक वही काढली. बारा वर्षांत पेट्रोल कधी भरलं, किती भरलं, मीटर किती होता, तारीखवार! मला बाबांची स्कूटरची डायरी आठवली आणि मी तिथेच विरघळले. चाळीस हजार मैलच झाले होते. सिस्टरचे मिस्टर पुठ्ठा अंथरून त्या थंडीत गाडीखाली झोपले आणि टॉर्चनं गंज शोधला, कारण इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून कौन्सिलचे ट्रक मीठ टाकत फिरतात. ते मीठ खालून गाडी खातं. गंज किरकोळ निघाला. ३,२०० पौंडांत व्यवहार झाला.

विमा किती? १,७४० पौंड. वर्षाचा. लायसन्स नवीन ना. पुढचं वाचताना मी किती हुशार आहे असं वाटून घेऊ नकोस, म्हणून हे सांगितलं. विम्याची चौकशी मी गाडी घेतल्यावर केली.

आणि खरी चूक वेगळीच. तिसऱ्या आठवड्यात पाऊस पडत होता, गोल चौकाआधी ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग बाजूला सरकला. काही झालं नाही, पण पाय लटपटले. टायरवाल्याकडे नेली. त्यानं मागच्या टायरच्या बाजूवर लिहिलेले चार आकडे दाखवले, १४१३. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. २०१३ चा चौदावा आठवडा. गाडीबरोबर आलेले टायर! कमी चालली म्हणून नक्षी शाबूत होती, पण रबर वाळून भेगा पडल्या होत्या. घरी येऊन एमओटीचा कागद पुन्हा उघडला. त्यात सलग दोन वर्षं ‘मागचे टायर खराब होत चाललेत’ अशी सूचना होती. गाडी पास होती, म्हणून मी खालचं वाचलंच नाही. रोज पेशंटची फाइल शेवटच्या ओळीपर्यंत वाचते मी, आणि स्वतःच्या पैशांच्या वेळी वहीवर भाळले.

म्हणून ‘रनिंग फक्त बत्तीस हजार, ताई’ हे तुझं वाक्य ऐकून मला आनंद झाला नाही. एक तर आपल्याकडे मीटर मागे करणाऱ्याला पकडून देणारी अशी साइट नाही. दुसरं म्हणजे खरंच कमी चालली असेल तर टायर, बॅटरी, रबरी पाइप सगळं उभ्या उभ्या म्हातारं झालेलं असतं. टायरवरचे चार आकडे वाचून मला पाठव. आणि गाडी ज्या सर्व्हिस सेंटरला जायची तिथे नंबर सांगून जुनी बिलं बघायला मिळतात का विचार, त्यावर प्रत्येक वेळचं रनिंग असतं. मालकालाच बरोबर ने, तो यायला कां-कू करायला लागला तर तिथेच उत्तर मिळालं.

आता मुख्य मुद्दा. गाडी २०१८ ची, पासिंग एमएच १०, म्हणजे आपल्या सांगलीचं, आणि बाजारभावापेक्षा लाखभरानं स्वस्त. अरे, २०१९ च्या ऑगस्टात ती गाडी कुठे उभी होती? हा प्रश्न त्याला सगळ्यात आधी विचार.

तू तेव्हा पुण्यात होस्टेलवर होतास, मी इथेच होते. सांगलीला महापूर, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. बाबांनी स्कूटर चौघांच्या मदतीनं जिन्यावर चढवली. समोरच्यांची गाडी मात्र खाली राहिली. पाणी ओसरल्यावर तिच्या काचेवर आतून चिखलाची रेघ होती, सरळ, पट्टीनं मारल्यासारखी. ती गाडी नंतर गेली कुठे? भंगारात नाही गेली. कुणीतरी उचलली, धुतली, विकली. पुरातल्या गाड्या विमा कंपन्यांकडून लिलावात जातात आणि नवीन सीट कव्हर घालून दुसऱ्या गावात उभ्या राहतात. एमएच ०८ ची, म्हणजे रत्नागिरीकडची, बघितलीस तर २०२१ चा जुलै विचार, चिपळूणचा पूर विसरू नकोस.

वरून काही कळत नाही. सीटबेल्ट खाली शेवटपर्यंत ओढ. सगळा. गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही, तिथे मातीचा डाग राहतो. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात हात फिरव. सीट पुढे सरकवून खालच्या रुळांचे बोल्ट बघ. गाडीच्या आत पाऊस पडत नाही, तिथे गंज का असावा? मॅटखालचं कार्पेट उचलून वास घे, आणि गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर दोनदा घे. वायरींच्या जोडांवर हिरवट थर, हेडलाइटच्या आत वाफ, तेही बघ. इंजिन तर धुऊन सुरू करता येतं, वायरिंग दोन वर्षांनी रडवतं.

कागदात एक जागा आहे. २०१९ च्या पुरानंतर नूतनीकरण झालेली पहिली विमा पॉलिसी माग. तिच्यावर एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, किती टक्के आहे ते वाच. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की २०, पुढे वाढत पाच वर्षांनी ५०. तिथे शून्य असेल तर बहुधा आदल्या वर्षी क्लेम घेतलाय. कशाचा, ते त्याला शांतपणे विचार. ‘जुने कागद सापडत नाहीत’ म्हणाला तर गाडीही आपल्याला सापडली नाही असं समजायचं. आणि तो एनसीबी मालकाचा असतो, गाडीबरोबर तुला मिळणार नाही, एजंट काहीही सांगू दे.

बाकीचं तुला माहीतच असेल. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी, पैसे मग. ई-चलन थकलेली आहेत का ते नंबर टाकून बघ. फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या घेऊन ‘ट्रान्सफर नंतर करू’ हे नाही चालायचं.

मामांना बरोबर नेऊ नकोस. त्यांना प्रत्येक गाडी आवडते. मिरजेच्या गॅरेजवाल्या काकांना ने, त्यांच्या दिवसाचे पैसे मी देते. ते गाडीखाली जातील, तू बाजूला उभा राहा आणि तोंड बंद ठेव. तुझ्या चेहऱ्यावर ‘मला हीच पाहिजे’ असं लिहिलेलं असतं, लहानपणी पतंगाच्या दुकानात असायचं तसं.

आईला सांग, लोणचं पोचलं, बरणी फुटली नाही. इथे काल रात्रीपासून मिठाचे ट्रक फिरतायत. नवे टायर बसवल्यापासून गाडी नीट चालते.

तुझी,
ताई

ता. क. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढलेला फोटो पाठव. चारही सीटचा. बाराव्या फोटोत तो दिसल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.