हिरवी रांग

नांदेड, ३ ऑगस्ट

प्रिय रशीद,

दिवाळीपासून तुला पत्र नाही. फोनवर बोलतो तेही "बरं आहे, बरं आहे" एवढंच. तब्येत ठीक. माझी शुगर गोळीवर, सुनंदाचा गुडघा होता तसाच. ते सोड. काल एक गोष्ट ऐकली आणि ती मला इतकी का लागली हे घरात कुणाला सांगता येईना. शेवटी सुनंदाच म्हणाली, "रशीदभावजींना लिहा."

अन्वीच्या शाळेत पंधरा ऑगस्टची तालीम चालू आहे. तिसरीची लेकरं मैदानावर तिरंगा करणार आहेत. बाईंनी रांगा कशा लावल्या बघ. अन्वी केशरीत, तिची जिवलग सानिया हिरव्यात, मेरी पांढऱ्यात. यश बौद्ध घरातला, म्हणून अशोकचक्र त्याच्या हातात. जसप्रीतपाशी बाई अडल्या, शेवटी त्यालाही केशरीत घातलं. अन्वीला सानियाशेजारी उभं राहायचं होतं. तिने विचारलं तर उत्तर मिळालं, "तुझा रंग हा नाही." आठ वर्षांच्या पोरीला!

बाई मनाने वाईट नाहीत. सगळ्यांना मान मिळावा हीच त्यांची इच्छा, आणि म्हणूनच मला जास्त टोचतंय. द्वेषाने केलेल्या गोष्टीशी भांडता येतं, प्रेमाने केलेल्या गोष्टीशी कसं भांडायचं?

तुला आपला सातवीतला चित्ररथ आठवत असेलच. हिरवा पट्टा कुणी न विचारता तुझ्याकडे आला होता. तू कुलकर्णी सरांना म्हणालास, "सर, मी वर्गात सगळ्यात उंच, मला खाली कशाला?" वर्ग हसला, सरही हसले, आणि तू खालीच राहिलास. त्या दिवशी तुला काय वाटलं यावर आपण कधीच बोललो नाही. भांडलो ते सायकलच्या ट्यूबवरून. (ती तूच फाडलीस. आजही माझं तेच म्हणणं आहे.)

रशीद, हा वाद या देशात एकदा होऊन मिटलेला आहे, म्हणून माझा इतका जीव तुटतो. १९२१ साली गांधीजींच्या मनातल्या झेंड्यात खरोखरच लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकी सगळ्यांचा होता. मग शीख म्हणाले, आमचाही रंग घाला. त्यांचं काय चुकलं? वाटणी सुरू केली की प्रत्येक जण आपला वाटा मागणारच. १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. त्यात मौलाना आझाद होते, मास्टर तारासिंग होते, आपले काका कालेलकर होते. समितीने तर संपूर्ण केशरी झेंडा आणि त्यावर चरखा सुचवला. तो स्वीकारला गेला नाही, पण त्याच ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा असा झेंडा ठरला आणि या रंगांना जातीधर्माचा अर्थ नाही हे ठरावातच नमूद झालं. २२ जुलै १९४७ ला घटना समितीत नेहरूंनी तेच पुन्हा सांगितलं. राधाकृष्णन म्हणाले, हिरवा म्हणजे मातीशी आणि झाडापाल्याशी आपलं नातं. याच चर्चेत जयपालसिंग मुंडा उठून म्हणाले होते की आदिवासींच्या गावागावाला स्वतःचा झेंडा आहे, झेंडे लावणारे पहिले तेच. मग किनवटकडून आलेला गोंड मुलगा वर्गात असता तर बाईंनी त्याला कोणत्या रांगेत उभं केलं असतं?

आणि हे आपल्या नांदेडात! उदगीरच्या खादीचे तिरंगे जिथे शिवले जातात त्या गावात.

सानियाच्या वडिलांशी बोललो. ते म्हणाले, "काका, जाऊ द्या. लेकरांचा कार्यक्रम आहे. आम्ही काही बोललो की त्याचा वेगळाच अर्थ निघतो." मी गप्प झालो. त्यांना हे टोचलेलं आहे, पण बोलण्याची किंमत त्यांना मोजावी लागते, मला नाही. म्हणजे मीच बोलायला हवं? की माझ्या बोलण्याने उद्या त्या पोरीकडेच सगळ्यांच्या नजरा वळतील? मध्यरात्रीपर्यंत हेच डोक्यात. सुनंदा म्हणते, अन्वीला सानियाशेजारी उभं करा एवढंच मागा. मला तेवढ्याने भागत नाही. उंचीप्रमाणे किंवा हजेरीपटाप्रमाणे रांगा लावा, एवढं साधं मागणं आहे. जिला हिरवा येईल तिला हिरवा. सानिया केशरीत आली तर केशरीत. सगळा झेंडाच तिचा आहे, तिला त्यातली एक पट्टी कशाला वाटून द्यायची?

शनिवारी मुख्याध्यापिकांकडे जायचं ठरवलंय. आवाज चढवणार नाही. (तू असतास तर टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला असतास, ती सवय तुझ्या भावाच्या लग्नापासूनची.) पण त्याआधी तू सांग. सातवीत कुणी तुझ्या बाजूने असं बोललं असतं तर तुला बरं वाटलं असतं, की मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको.

तुझं घर लागलं का? समीरची परीक्षा कशी झाली? शबानाभाभींचं डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर म्हणाला होतास, तारीख कळव, आम्ही दोघं येऊ. ठाण्यात पाऊस फार झाला असं टीव्हीवर पाहिलं. देशमुख्या रिटायर झाला, पार्टी अजून दिलेली नाही.

शुक्रवारी रात्री फोन कर. नऊनंतर कर, त्याआधी अन्वी जागी असते आणि फोन तिच्याच हातात असतो.

तुझा,
दिलीप