विम्याचा निकाल लागेपर्यंत उपचार अडवू नका

संपादक महोदय,

माझ्या वहिनींना स्तनाचा कर्करोग आहे. तपासणीत तो 'हर-टू पॉझिटिव्ह' निघाला, म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला. अशा रुग्णांना केमोसोबत ट्रॅस्टुझुमॅब या त्या प्रथिनावरच्या औषधाचं इंजेक्शन सुरू करतात आणि पुढे दर 21 दिवसांनी साधारण वर्षभर देत राहतात. पुण्यातल्या रुग्णालयाने कॅशलेससाठी, म्हणजे बिल विमा कंपनीने परस्पर भरावं म्हणून, कागद पाठवले आणि विमा कंपनीने नकार कळवला. कारण काय, तर मधुमेह लपवून पॉलिसी घेतली!

हा आरोप कशावरून झाला ते सांगतो. ओपीडीत तोबा गर्दी होती. शिकाऊ डॉक्टरांनी विचारलं, शुगर कधीपासून आहे? वहिनींचा जीव बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये अडकलेला. त्या म्हणाल्या, "झाली असतील की सात-आठ वर्षं." केसपेपरवर तेवढी ओळ पडली. पॉलिसी सहा वर्षांपूर्वीची, त्यामुळे कंपनीला आयतंच कारण मिळालं. खरं तर त्यांची गोळी सुरू झाली पुतणीच्या लग्नानंतर, तीन वर्षांपूर्वी. पुतणीने माहेरी येऊन कपाटातल्या फाइली उपसल्या. पॉलिसी घेतली त्या वर्षीचा रक्ताचा रिपोर्ट सापडला, उपाशीपोटी साखर 92, म्हणजे अगदी नॉर्मल. कराडच्या आमच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर गोळी कधी सुरू केली ते लिहून दिलं. पुण्याच्या डॉक्टरांनी केसपेपरवरची नोंद दुरुस्त करून सही-शिक्का दिला. हे सगळं पाठवूनही कंपनीच्या दुसऱ्या उत्तरात यातल्या एकाही कागदाचा उल्लेख नाही. ज्या बाईने दुकानाचा गल्ला सांभाळत दरवर्षी हप्त्याची तारीख लक्षात ठेवली, तिला तुम्ही खोटारडी ठरवता, याचा मला फार संताप येतो.

क्षणभर धरून चालू की मधुमेह जुनाच होता. तरीही 2024 पासून विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा नियम असा आहे की पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल, तर माहिती दडवली म्हणून दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. दावा नाकारण्याआधी कंपनीच्या तीन सदस्यांच्या समितीची मंजुरी लागते आणि नकाराच्या पत्रात पॉलिसीची नेमकी अट द्यावी लागते. आम्हाला आलेल्या चार ओळींच्या ईमेलमध्ये ना अट होती, ना समितीचं नाव. ज्यांच्या घरी असा ईमेल आला असेल त्यांनी हे दोन्ही लेखी मागावं. आणि केसपेपरवर काय लिहिलंय ते त्याच दिवशी तिथेच वाचून घ्यावं.

दाद मागायला विमा लोकपाल आहेत. सातारा जिल्ह्याची प्रकरणं पुण्याच्या कार्यालयाकडे जातात. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. व्यवस्था चांगली आहे, ती वापरायलाच हवी. पण तिथे जाण्याआधी कंपनीकडे तक्रार करावी लागते. कंपनीने ती फेटाळली नाही आणि उत्तरही दिलं नाही, तर महिनाभर थांबावं लागतं. त्यानंतर, सगळे कागद पोहोचल्यापासून निकालाला तीन महिन्यांची मुदत. इंजेक्शन मात्र 21 दिवसांनी घ्यावंच लागतं. डॉक्टरांनी आम्हाला बजावलंय, ठरल्या तारखेपेक्षा आठवड्याहून जास्त उशीर झाला तर पुन्हा पहिल्यासारखा मोठा डोस द्यावा लागेल. म्हणजे थांबलं तर आजाराला मोकळं रान आणि खर्चही वाढणार. म्हणून दादाने पाटल्या गहाण टाकल्या, सोसायटीचं कर्ज काढलं आणि डोस चुकू दिला नाही. ज्याच्याकडे गहाण टाकायलाही काही नाही, त्याने काय करायचं? निकाल उद्या त्याच्या बाजूने लागेलही, पण चुकलेले डोस त्याला कोण परत देणार?

कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्या, असं याच नियामकाने कंपन्यांना सांगितलंय. मग कर्करोगाच्या चालू उपचारांत दावा नाकारला, तर त्या तक्रारीचा निकालही पुढच्या डोसच्या आत लागला पाहिजे. आणि तोवर कॅशलेस चालू राहिलं पाहिजे. लोकपालांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला, तर तेवढी रक्कम कंपनीने हप्त्याहप्त्याने वसूल करावी. तसं हमीपत्र रुग्णाच्या घरच्यांकडून आधीच लिहून घ्यावं. आमच्या घरचं द्यायला मी आणि दादा आजही तयार आहोत.

– एक वाचक, कराड