सोसायटीच्या ग्रुपवर खरी माहिती उशिरा का येते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आलाय आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर डेंग्यू, चिकनगुनिया, गॅस्ट्रोचे मेसेज यायला लागलेत, म्हणून हे पत्र लिहितेय. मी पुण्यात धायरीत राहते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसची म्हणजे गुलियन बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली होती, तेव्हा आमच्याकडे जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही.

सुरुवातीला ते नावसुद्धा कुणाला नीट घेता येत नव्हतं. ग्रुपवर पहिली आली ती एक व्हॉइस नोट. कुणी "डॉक्टर" बोलत होते, कुठले, कोणत्या हॉस्पिटलचे, काही पत्ता नाही, आणि सांगत होते की हा व्हायरस हवेतून पसरतोय, आधी पाय लुळे पडतात मग श्वास बंद होतो, मुलांना घराबाहेर काढू नका. आम्ही सगळ्यांनी ती पुढे पाठवली, मीसुद्धा माझ्या बहिणीला पाठवली, कारण काळजी वाटली. सासूबाईंनी ती रात्री तीनदा ऐकली आणि पहाटे दोनला उठून बसल्या, माझ्या पायांना मुंग्या येतायत म्हणाल्या, घाम फुटलेला. तसंच रिक्षा करून हॉस्पिटलला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली आणि विचारलं, गेल्या दोन-तीन आठवड्यांत जुलाब झाले होते का, अशक्तपणा पायाकडून वर चढतोय का, खुर्चीतून हात न टेकता उठता येतंय का. दहा मिनिटांत कळलं की मुंग्या शुगरमुळे आहेत, कित्येक वर्षांपासूनच्या आहेत.

हे तीन प्रश्न आदल्या दिवशी ग्रुपवर का नाही आले? नुसती भीती कमी व्हायला नाही हो, ज्याला खरंच त्रास सुरू झालाय त्याच्यासाठी तर ते जास्त गरजेचे होते, कारण या आजारात आयव्हीआयजीची (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीजची) इंजेक्शनं किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार लवकर सुरू झाले तर जास्त उपयोग होतो, आणि घरी गरम तेल चोळत बसलं तर तेच दिवस वाया जातात.

आणि जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. आधी पोटाचा किंवा सर्दी-खोकल्याचा संसर्ग होतो आणि नंतर शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या नसांवर उलटते, तेही फार थोड्या लोकांच्यात. पण त्या व्हॉइस नोटमुळे आमच्या बिल्डिंगमध्ये नांदेड गावातून कामाला येणाऱ्या ताईंना दोन घरांनी "सध्या येऊ नका" सांगितलं. पगार कापला. त्या जिन्यात उभ्या राहून मला विचारत होत्या, ताई मला काय झालंय का? हे मला फार लागलं. पुढे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत काही पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला, दोन्ही दूषित पाण्यातून-अन्नातून पोटात जाणारे. म्हणजे सांगायला हवं होतं ते पाणी उकळण्याबद्दल.

चिकनचंही तेच. कॅम्पायलोबॅक्टर कोंबड्यांच्या आतड्यात असतो हे खरंय, पण नीट शिजवलं की तो मरतो. ग्रुपवर पहिलं अर्धंच फिरलं. आमच्या कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याच्या दुकानात संध्याकाळी सात वाजता एक गिऱ्हाईक नव्हतं. २०२० मध्ये फेब्रुवारी-मार्चला चिकन खाल्लं की कोरोना होतो म्हणून मेसेज फिरले होते आणि राज्यातले पोल्ट्रीवाले रस्त्यावर आले होते, ते आपण पाच वर्षांत विसरलो.

बरं खरी माहिती आलीच नाही असं नाही. आली, पण कशी? रात्री अकरानंतर, स्कॅन केलेली वाकडी पीडीएफ, चार पानं, खाली सही-शिक्का, आणि भाषा "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की". सासूबाईंना ती उघडता आली नाही, ताईंच्या फोनमध्ये जागा नव्हती. व्हॉइस नोट मात्र दोघींनी ऐकली.

पण मग सोशल मीडिया बंदच करा असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन बेड कुठे आहे हे आम्हाला याच ग्रुपवर कळलं होतं, आणि मदत मागणाऱ्या लोकांवर कारवाई करू नका असं तेव्हा सुप्रीम कोर्टानेही सांगितलं होतं. आणि जीबीएसच्या वेळी खरा धीर दिला तो आमच्याच सोसायटीतल्या एका रिटायर्ड काकांनी. पाणीपुरवठ्यात नोकरी केलेली. ते रोज सकाळी टाकीचं नाही तर शेवटच्या मजल्यावरच्या नळाचं पाणी छोट्या ट्यूबमध्ये घ्यायचे, जंतू मारणारं क्लोरीन पाण्यात आहे का हे दाखवणारे ओटी टेस्टचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की फोटो काढून तारीख, वेळ आणि "क्लोरीन ०.२ आहे, तरी पिण्याचं उकळूनच घ्या" एवढंच लिहायचे. एक दिवस रंग आलाच नाही, तेही त्यांनी तसंच टाकलं, आणि त्या दिवशी टँकरवाल्याला गेटवरच थांबवलं गेलं. त्यांचा मेसेज आला की बाकीची बडबड आपोआप थांबायची.

म्हणून प्रशासनाला माझी कळकळीची विनंती आहे, साथ असेल तेव्हा रोज एका ठरलेल्या वेळी, साध्या बोलीत टाईप केलेला मेसेज आणि सोबत मिनिटभराची ऑडिओ द्या, वर तारीख आणि भाग लिहा कारण जुने मेसेज दरवर्षी नवीन होऊन फिरतात, आणि जे अजून कळलेलं नाही ते कळलेलं नाही असं स्पष्ट सांगा, लोक समजून घेतात. पेशंटचं नाव किंवा फ्लॅट नंबर कुणी टाकला तर अॅडमिनने तो लगेच काढावा, आमच्याकडे एका मुलाचा रिपोर्टच फिरला होता, त्याच्या आईचे हाल मी बघितलेत.

आणि संपादक साहेब, तुमच्या पेपरातही साथीच्या काळात रोज पहिल्या पानावर एक चौकट द्या, मोबाईलवर फोटो काढला तर वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. आमच्या ग्रुपवर ती मी टाकेन, रोज सकाळी, दुधाची पिशवी आत घेतली की लगेच.

आपली नम्र,
एक वाचक, धायरी, पुणे